चावीवाला

साडेचार फुटांची लोखंडी चावी
सायकलच्या दांडीला बांधून
एकतीस वर्षं मी शहर उघडलं, बंद केलं.

लागलो तेव्हा शेळगी गाव होतं.
मग एका रात्रीत हद्द वाढली,
सकाळी म्हशीसुद्धा महापालिकेच्या.

नगरं आली, गुंठा-गुंठा पाडून.
देवांची नावं पुरेनात, तेव्हा बिल्डरच्या लेकींची लावली.
पाईप तोच, उजनीवरून दमून येणारा.
दिवसाआड, मग तिसऱ्या, मग पाचव्या दिवशी:
वाढलं काय, तर दोन पाण्यांमधलं अंतर.

रात्री तीनला अनसूया कमटम
बॅरलशेजारी विड्या वळत बसलेली.
"नंबर कधी, अण्णा?"
हजार पुऱ्या व्हायच्या. पाणी नाही.

आज बल्लाच्या पोराला चावी दिली.
म्हटलं, सिमेंटखाली गाडलेला वॉल्व्ह
नकाशात हुडकू नको.
एक टोक जमिनीला लाव, दुसऱ्याला कान.

तो हसला, गाडीवर बसवून लांब घेऊन गेला.
ज्वारीच्या धसकटांत फक्कीच्या रेघा,
'फेज टू'चा बोर्ड.
"इथं ऐका की."

वाकलो. कान लावला.
इथं पाईप पडायचाय अजून.
तरी खोलातून घरघर आली.

कुणीतरी बोअर मारत होतं.