गंज हाताला लागू नये

बारा नग, म्हणाले पुसाळकर,
आणि मोबाइलवर चित्र दाखवलं:
लांब दांडा, टोकाला पातं, पात्याला उलटा काटा,
आत शिरला की आडवा होणारा.
जुना दिसायला हवा, मेस्त्री.
गंज हवा. पण गंज हाताला लागू नये,
पाहुण्यांचे कपडे पांढरे असतात.

मी कोयते केलेत, आडाळे,
होडीचे चार नखांचे नांगर.
कापणार नाही असं हत्यार
तांबळडेगात कुणी मागितलं नव्हतं.

लोखंड कणकवलीहून आणलं,
भंगारात निघालेल्या एस.टी.चे पाटे.
भात्याच्या जागी आता पंखा आहे, बटण दाबलं की झालं,
तरी डावा हात अजून साखळी शोधतो.
पाटा आधी रातांब्यासारखा होतो,
मग काजूच्या बोंडासारखा पिवळा,
त्या पिवळ्यावर घाव घालायचा, उशीर करायचा नाही.
दांड्याला भेरला माड. काथ्या हेमलता वळते,
मांडीवर, टीव्ही बघत.
गंजासाठी खारं पाणी आणि आगळ,
तीन रात्री ओल्या गोणपाटात.
वरून मेणाचा हात.

गजा मेतर विडी पेटवायला आला.
"ह्या कित्याक रे?"
देवमाशासाठी, म्हटलं.
विडी तोंडातून काढली त्याने.
"तो होडयेबाजूक इलो तर आमी इंजिन बंद करतांव.
तेचो श्वास आयकतांव. नारळ सोडतांव.
आणि तू तेका काटो करतंस? तो पण उलटो?"
भिंतीसाठी आहे, गजा.
"भित्तीत खंय मासो?"
मग थोडा वेळ पात्याकडे बघत बसला,
दर विचारला,
आणि भाच्याच्या होमस्टेला एक होईल का म्हणाला,
लहानसा.

सातव्या नगाला चूक झाली.
चूक म्हणजे, हाताने बरोबर केलं.
पाणी दिलं, कानस फिरवली, दगडावर लावला,
आणि अंगठा आडवा नेला तेव्हा कळलं
हा जाईल.
कशाच्याही आत.
दार उघडं होतं. गाज येत होती.
त्या गाजेत मध्येच एक मोठा उसासा
आहे की नाही, ते मी ऐकत राहिलो.
धार यायला दुपार गेली होती.
ग्राइंडरवर जायला चहा निवेपर्यंतचा वेळ.

भिंतीला लावायलाही मलाच बोलावलं,
ड्रिल माझंच.
खाली पितळी पाटी आधीच तयार:
उत्तर समुद्र, अठराशे एकसष्ट.
मी दोनदा वाचली.
खोबणीपाशी तीन टिंबं होती, बापाचा ठसा,
कुणाला न विचारता मारलेला.
तिकडे कुणी पाहिलं नाही.

एक मुलगा शिडीशी येऊन उभा राहिला.
ह्याने किती देवमासे मारले?
एकही नाही, म्हटलं.
हा एस.टी.खाली होता, वीस वर्षं,
देवगड ते कणकवली, खड्ड्यांवरून.
माणसं पोचवत होता.
त्याला ते पटलं नाही.
टाचा उंचावून त्याने काट्याला बोट लावलं,
आणि लाल झालेलं बोट
पांढऱ्या शर्टाला पुसत पुसत
आईकडे पळाला.