धडा

पोरी, तू विचारतेस, कसं उतरलं,
आणि उतरलेलं परत चढलं कसं नाही,
सात वर्षं झाली.
तुझ्या फॉर्मवर चार चौकोन आहेत:
गोळ्या, व्यायाम, आहार, शस्त्रक्रिया.
पेन खाली ठेव जरा.

मी इथलीच, वूचची. सूतगिरणीत बावीस वर्षं
वजनकाट्यापाशी उभी होते.
सूत भरलेल्या पेट्या यायच्या.
आधी रिकाम्या पेटीचा धडा करायचा,
मगच मालाचं वजन लिहायचं.
धडा चुकला की महिनाअखेरीला
हिशेब कुठल्या कुठे जायचा.

आणि घरी?
घरी पंधरा दिवस कोबीचं सूप,
मग ग्रेपफ्रूट, मग ती वही
जिच्यात मनुकासुद्धा मोजून लिहायचा.
बारा किलो गेले, चौदा आले.
नऊ गेले, अकरा आले,
लेक माहेरपणाला यावी तसे, पोरंबाळं घेऊन.
डॉक्टर म्हणाले, निग्रह कमी पडतो.
मांसाच्या रांगेत पहाटे चारपासून
बर्फात उभी राहिलेली बाई मी.
मला निग्रह शिकवत होते.

झेनोन गेला त्या साली
मी दोघांचं रांधत राहिले.
हाताला तेवढंच माप माहीत.
त्याचं ताट वाढायचं, बातम्या लागायच्या,
आधी माझं संपवायचं, मग त्याचं.
टाकणार कसं?
आमच्याकडे पाव हातातून पडला
तर उचलून त्याचा मुका घेतात.

मार्चमधली रात्र.
बटाट्याचे गोळे, वर परतलेला कांदा.
त्याच्या ताटातला शेवटचा गोळा काट्याला टोचला
आणि मला तो दुसरा काटा आठवला, गिरणीतला.
भूक कुणाला लागली आहे?
मला नाही. झेनोनला तर नाहीच.
मग दिसली आई,
अकरा वर्षांची, युद्धातला हिवाळा,
शिपायांच्या भटारखान्यामागे
बटाट्याची सालं वेचणारी.
पुढे ती माझं ताट उलटं करून बघायची,
थेंब ओघळतो का.

साठ वर्षं मी त्या पोरीला जेवू घालत होते
आणि तिच्यापर्यंत एक घास पोचला नव्हता.
रिकाम्या पेटीचं वजन
मी माल म्हणून लिहीत आले होते.

तो गोळा मी ठेवला.
केलं ते एवढंच.
झोप लागली नाही, दोनदा उठून पाहून आले.
तिथेच होता, कांद्यासकट, गार.
सकाळीही तिथेच. छत कोसळलं नव्हतं.
वरच्या ओतिलियाबाईंच्या कुत्र्यानं खाल्ला शेवटी.

मग वर्षभर तसंच.
कधी गोळा, कधी पावाचं टोक, कधी सुपाचा तळ.
सोपं वाटेल तुला.
अर्ध्या सॉसेजपुढे बसून रडलेय मी,
पासष्टीची बाई, स्वयंपाकघराचं दार लावून.

बंद काहीच केलं नाही.
उपासांआधीच्या गुरुवारी
गुलाबाचा मुरंबा भरलेली पोंचकी
दोन खाते, बोटं चाटते.
तिसरं आठवत नाही, हे मात्र नवं.
वजनाचं यंत्र तळमजल्यावरच्या पोराला दिलं,
तो त्यावर पार्सलं तोलतो.
तेवीस किलो म्हणतेस ते तुमच्याकडेच कळलं.

आमच्या शहराचं नाव म्हणजे नाव,
होडी, आणि नदीचा तर पत्ता नाही.
लहानपणी मला वाटायचं
जड झाली असेल, बसली असेल चिखलात.

बघ, कुठला चौकोन भरतेस.
काल रात्री अर्धा बटाटा उरला.
आईला म्हटलं, झोप आता,
आणि दिवा मालवला.