बारावा शब्द

एका फुग्यात अकरा शब्द.
बारावा घातला की युनूसभाई ओरडायचे,
"बाई, कप्तानाचं नाक झाकतंय!"
भद्रकालीतला छापखाना. खाली ट्रेडल, वर आम्ही दोघं,
मधे डिंकाची बाटली, तिच्यात कायम एक मुंगी.
पंधरवड्याला बत्तीस पानं, किंमत सव्वा रुपया.
पत्रं यायची, "निरगुडे सर यांस".
मी कधी दुरुस्त केलं नाही.

तिथे शिकले ते एवढंच,
की माणूस मनात बोलतो
तेव्हा फुग्याला शेपटी नसते,
तीन गोळे असतात, लहान, मोठा, त्याहून मोठा,
डोक्यापासून विचारापर्यंत चढत गेलेले.

सत्तेचाळिसाव्या अंकात मी गोदेला पूर आणला.
कप्तान भुजंगला चढवलं दुतोंड्या मारुतीच्या खांद्यावर,
पाणी मारुतीच्या छातीला,
खाली लिहिलं: क्रमशः.
त्याच आठवड्यात कोठुळेशेठनी ट्रेडल भंगारात काढलं.
लोक आता टीव्ही बघतात, म्हणाले.
दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच.

मग नाशिकरोड. तोही छापखानाच, पण सरकारचा.
तिकिटांचे ताव मोजायचे. शंभर. पुन्हा शंभर.
गेटवर झडती. कागद आत नेता येत नाही,
बाहेर तर मुळीच नाही.
म्हणून कविता मी गालात धरून आणली,
सुपारीसारखी,
बिटको चौकातून सिटी बसमध्ये, उभ्यानं.
कुणी "काय बाई, बऱ्या आहात ना" विचारलं
की एखादी ओळ गिळली जायची.
गिळलेल्याच बऱ्या होत्या, असं अजून वाटतं.

घरी आल्यावर वही, आणि पानभर पांढरं.
ओरडणारं कुणी नाही. बारा लिहा, चाळीस लिहा,
झाकायला नायकाचं नाकच नाही.
मी घाबरले.
कितीतरी वर्षं बोटांवर अकराच मोजत राहिले,
एक बोट कमी पडतं, तरी.
संग्रह निघाला. तीनशे प्रती.
एकानं परीक्षण लिहिलं, "कवयित्रीस टिंबांचा सोस आहे."
त्याला काय माहीत, ते गोळे होते.
दोनशे चौदा प्रती पलंगाखाली,
त्यातल्या सहांवर पलंगाचा मोडका पाय उभा आहे.
कविता कशाला लागते, असं विचारणाऱ्याला मी तो दाखवते.

निवृत्तीनंतर इफ्फत आली, युनूसभाईंची नात,
केसांत एक निळी बट.
"दादाजींचं सगळं स्कॅन केलंय, निरगुडे सर," म्हणाली,
आणि आम्ही दोघी खूप हसलो, मग ती रडली.
आता पान उलटत नाही. अंगठ्यानं वर सरकवायचं.
वाचणारा सरकवतो तसं पाणी चढतं,
मारुतीचा घोटा, गुडघा, कंबर.
म्हणजे पूर वाचकच आणतो. मला हे आवडलं.
इफ्फतकडे हिशेब असतो, कोण कुठे सोडून गेलं त्याचा.
"चौथ्या चित्राला निम्मे जातात, सर.
तिथे कुणी बोलतच नाही, नुसतं पाणी."
असू दे, म्हटलं.
तिनं खांदे उडवले, अगदी आजोबांसारखे.

परवा सायखेड्याहून एकाचा मेसेज:
"मी तेव्हा नववीत होतो. कप्तान उतरला का?"

कालच इफ्फतला ट्रंकेच्या तळाशी मिळालं
अठ्ठेचाळिसाव्या अंकाचं पहिलं पान.
पेन्सिलीतच राहिलेलं. फुगे सगळे रिकामे.
एक जरा मोठा काढलाय, कप्तानाच्या नाकापासून लांब,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत,
"बाई, ह्यात बारा बसतील."

सकाळपासून बसले आहे.
अकरा झाले.
फोनवर तिकडून कुणीतरी काही लिहितंय,
तीन गोळे हलताहेत, थांबतात,
पुन्हा हलतात.