खालची ओळ

तिकीट काढताना ती काही बोलली नाही.
पन्नास बाट मोजले, कागदी पंखा घेतला,
चपला काढून फळीवर ठेवल्या,
टाचा भिंतीकडे, अगदी एका रेषेत.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी लाखेच्या दालनाचा रखवालदार.
माझं काम एकच वाक्य: हात लावू नका.
थाईत, इंग्रजीत, मोडक्या चिनीत.
दुपारी कालव्यातून होडी गेली की
छतावर पाण्याचा उजेड हलतो.
तेवढीच इथं हालचाल.

ती आली, भिंतींकडे बघितलंच नाही.
सागवानी फळ्या मोजत चालली.
सातवीशी थांबली, अंगठ्यानं दाबली.
फळी कुरकुरली.
“अजून बोलते,” ती म्हणाली.

नाव लमदुआन. वय एक्क्याऐंशी.
तेराव्या वर्षी आंगथोंगहून आणलेली.
नारळाच्या सोडणानं ही जमीन घासायची
रोज पहाटे, मोठी माणसं उठायच्या आत.
ती उठली की मग उभं राहायचं नाही.
गुडघ्यांवर यायचं, गुडघ्यांवर जायचं,
तबक पुढे, नजर खाली.
“अकरा वर्षं,” ती म्हणाली, “ह्या भिंती
मला इथपर्यंतच होत्या.”
आणि हात मांडीशी धरला.

मग मान वर केली.
मी रोज बघतो ते पहिल्यांदा बघितलं:
काळ्या लाखेवर सोन्याचे देव,
मुकुट, विमानं, ज्वाळांसारखी पानं,
राक्षसाच्या मांडीवर पाय रोवून उभा वानर.
मी पाठ केलेलं सांगू लागलो:
जिथं सोनं नको तिथं चिकट रंग लावायचा,
अख्ख्या भिंतीला वर्ख,
मग पाणी. नको ते धुऊन जातं आणि...
“धुणं मला ठाऊक आहे.”

देव तिनं पंख्यानं वारा घेत बघितले,
बाजारात महाग मासळी बघावी तसे.
“छान आहेत. गर्दी फार.”

आणि बसली. थेट जमिनीवर,
पाय एका बाजूला मुडपून, तळवे मागे वळवून,
इतकी सहज
की मला खुर्ची आणायचं सुचलंच नाही.
खालची ओळ. तीन बोटं उंचीची माणसं.
टोपीवाले फिरंगी, लंगडं कुत्रं,
चुलीवर भांडं, आणि एक बाई
कोंबडीमागे धावताना,
खांद्यावरचं वस्त्र सुटलेलं.

“ही,” ती म्हणाली. “हिचं नाव मी ठेवलं होतं.”
काय नाव, मी विचारलं.
“ते हिला माहीत आहे.”

तिनं बोट पुढे केलं.
बाईच्या पोटरीवरचं सोनं झिजलेलं आहे.
आमच्या पत्रकात कारण छापलंय: दमट हवा.

माझं एकच वाक्य.
तोंडाशी होतं, तिन्ही भाषांत.
बाहेर होडी गेली असावी,
छतावर उजेड हलला,
मी छताकडे बघत राहिलो
जरा जास्तच वेळ.