उजेडाचं टेबल

टेबलाला खालून दिवा आहे.
कॉडचा काप त्यावर ठेवला की काचेसारखा उजळतो
आणि आत कुठे किडा वेटोळं करून निजलाय ते दिसतं.
चिमट्यानं काढायचा. काप पुढे सरकवायचा.
पुढचा.
आठ तास. रबरी बूट. बोटांना बोटं असल्याचा विसर.
बाहेर आइसलंडचा एक चिंचोळा फ्योर्ड,
आणि नोव्हेंबरपासून जानेवारी सरेपर्यंत
गावावर ऊन नाही; डोंगर मध्ये येतो.

दर फेब्रुवारीत ऑफिसातून कागद येतो:
‘कामावर तुम्ही किती समाधानी आहात?’
एक ते पाच. गोल करा. नाव नको.
नाव कशाला हवं, एकवीस माणसांत
कुणाचा गोल कसा थरथरतो
हे हाफ्लिदीला पाठ आहे.

पहिल्या वर्षी मी दोनला गोल केला.
एकलाच करणार होते,
पण एकला करायलाही थोडी धमक लागते.
कारणं विचारली होती. लिहिली:
थंडी. वास. पट्ट्याचा खडखडाट.
समोरच्या स्टेनुनचं गुणगुणणं.
सगळी खरी होती.
नावडतीचं मीठ अळणी,
आणि इथे तर मिठाच्या गोण्या छतापर्यंत.

हाफ्लिदी भला माणूस. त्यानं कागद वाचले
आणि कॉफीचं नवं मशीन आणलं.
दुधाचे तीन प्रकार.
मी तिन्ही प्यायले, भिंतीकडे तोंड करून.

आई वॉम्झाहून फोनवर म्हणायची, ग्राझिना, काम बदल.
मी काम बदलत बदलतच इथवर आले होते, आई.
आधी औषधाचं दुकान, मग ऑस्लोत हॉटेलच्या चादरी, मग मासे.
प्रत्येक ठिकाणी पंधरवडा उलटला की
तोच मुकादम हजर व्हायचा
माझ्याच आवाजात ओरडणारा.

स्टेनुन एकसष्टची. गुडघ्यातलं वंगण संपलेलं,
नवरा बोटीबरोबर गेलेला,
आणि किडा सापडला की म्हणते, ‘आहा, इथे होय!’
जणू लपाछपीतलं नातवंड.
दिवसातून दोनशेदा.
मला आधी वाटायचं, नाटक करते.
मग वाटायचं, अंमळ मंद आहे.
एकदा विचारलं, तुला कंटाळा येत नाही?
ती विचारात पडली, खरंच पडली, चिमटा हवेत धरून.
‘येतो ना,’ म्हणाली. ‘रविवारी.’

दुसऱ्या हिवाळ्यात नऊ दिवस मी अंथरुणातून उठले नाही.
दहाव्या दिवशी ती आली, कोट न काढता बसली,
काही विचारलं नाही, गुणगुणली तर मुळीच नाही.
जाताना स्वयंपाकघरातला गेलेला बल्ब तेवढा बदलला
आणि दाराला डॉक्टरचा नंबर चिकटवून गेली.

स्वभावाला औषध नाही म्हणतात.
असेल. मला जे मिळालं ते स्वभावाला नव्हतंच:
सकाळी अर्धी गोळी,
आणि बुधवारी पडद्यावर एक बाई
जी माझं बोलून संपेपर्यंत थांबायची,
आणि मग आणखी थोडी.

मी अजूनही स्टेनुन नाही.
किड्याला आहा म्हणत नाही.
मला काप ओळीत लागतात, सगळ्यांच्या शेपट्या एकीकडे,
आणि मध्येच कुणी बोललेलं खपत नाही.
हा माझा पिंड.
पूर्वी मी यालाच आजार समजायचे.
आता परदेशी जाणाऱ्या पेट्या माझ्याकडे असतात,
आणि त्या पेट्यांची एकही तक्रार परत आलेली नाही, हे मी
कुणी न विचारता सांगते.

या फेब्रुवारीत चारला गोल केला.
कारणं विचारली होती.
थंडी तीच. वास तोच. पट्टा जरा जास्तच खडखडतो.
ती ओळ कोरीच राहिली.
गठ्ठ्यात सगळ्यात वर स्टेनुनचा कागद होता,
तिचं गिचमिड अक्षर कुणालाही ओळखू येईल:
तीन. ‘पट्ट्याचं काहीतरी करा.’
मी तो दोनदा वाचला.

हाफ्लिदी कॉफीचा कप घेऊन आला,
माझ्या चाराकडे बघून म्हणाला,
‘मशीनचा फरक पडला तर!’
बिचारा. त्यालाही हिवाळा असेलच की.
पडला, म्हटलं.