परत आल्याची तारीख

मंगळवार, साडेसात. नौपाड्यातला हॉल.
बत्तिसांपैकी अकरा हजर.
टिपणीसांनी घंटा वाजवली, तरी
चहापाशी उभे तिघे हलले नाहीत.

वाढदिवसाचे शंभर गुप्त्यांनी डब्यात टाकले,
नात झाली म्हणून समेळांनी पाचशे.
रविवारी येऊरच्या पाड्यावर डोळ्यांची तपासणी;
टेम्पो कुणाचा, यावर वीस मिनिटं.

माझ्याकडे साहित्याची वही:
वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी.
नेल्याची तारीख, अनामत, परत आल्याची तारीख.
का परत आलं, याला रकाना नाही.
मीही विचारत नाही. अनामत पुढे करते,
समोरचा नोटा न मोजता खिशात घालतो,
तेवढ्यावरून कळतं.

आज चेंदणीचा नाखवा आला, चार नंबरचा वॉकर घेऊन.
दोन्ही मुठींना जाळ्याचा निळा दोरा,
घट्ट, गाठी आतल्या बाजूला.
मी मान खाली घालून नोटा दिल्या.
त्यानं मोजल्या.
परत मोजल्या.
म्हणाला, "आय बसलीय बाजारान, सकालपासून.
जवला दिलाय तुमाना."

वर्तमानपत्राची पुडी, अध्यक्षांच्या घंटेशेजारी.
पटवर्धनांनी खुर्ची मागे घेतली,
टिपणीसांनी पुढे.

वॉकरसाठी वर्तकनगरहून दोनदा फोन येऊन गेलाय.
"दोरा सोरवू?" जाता जाता त्यानं विचारलं.
म्हटलं, असू दे.