नऊ हजार फेऱ्यांनंतर एक

व्हर्लिन स्टॅस्नीच्या शेडमध्ये
बाराही महिने रॉकेलचा वास असतो.
नेब्रास्कातला फेब्रुवारी असा, की
उघड्या हाताने पाना उचलला तर कातडीला चिकटतो,
म्हणून तो हत्यारं शेगडीच्या कडेला
ओळीने शेकत ठेवतो.

मी त्याची भाची. टॉवरवर चढणं माझ्याकडे,
कारण त्याचा उजवा गुडघा
एका जुन्या शिडीने ठेवून घेतलाय.

या खेपेची मोटर पेटीत आली.
लाकडी पेटी, खिळेसुद्धा न उचकटलेले,
वर काळ्या शाईत सन चव्वेचाळीस.
आयोवातला कुणी एमेट हॅल्वर्सन वारला,
त्याच्या मुलीने कोठार रिकामं करताना
लोखंडाच्या भावाने काढून टाकली.

आत मेणकागद. त्याच्या आत मोटर.
मोटरीतलं वंगण साबणाच्या वडीसारखं घट्ट.
व्हर्लिन ते लाकडी पट्टीने खरवडतो,
लोखंडाला लोखंड लावत नाही.
मग दाते मोजत बसतो, ओठ हलवत.
चाकात चाक, त्या चाकाभोवती तीन चाकं, त्यात पुन्हा...
इकडे ही नऊ हजार वेळा गरगरते
तेव्हा तिकडे एक फेरी पुरी होते.
"तुझी आई अशीच 'हो' म्हणायची," तो म्हणतो.

हिचं काम होतं पंख्याचं पातं वळवणं.
हवेत इंजिन मेलं
की पात्याची धार वाऱ्याकडे करायची,
म्हणजे वारा विमानाला मागे ओढत नाही
आणि उरलेल्या इंजिनांवर
आतली पोरं घरी पोचू शकतात.

कार्बनचे ब्रश बाहेर काढले.
पूर्ण लांबीचे. एक मैलही उडालेली नाही.
मला वाटलं तो खूश होईल.
"नवी आहे की!" मी म्हटलं.
"नवी नाही. नुसती थांबलेली," तो म्हणाला.
"चाललेलीचं वंगण हललेलं असतं.
थांबलेली आतून बसते.
हिला दुप्पट दिवस लागतील."
आणि चहा तसाच निवू दिला.

पेटीचं झाकण मी जाळायला घेतलं
तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलीची अक्षरं दिसली:
जपान तीनशे पंधरा.
फिनलंड पंचवीस.
न्यूझीलंड दोनशे पस्तीस.
म्हणजे एमेटलाही टॉवर उभारायचा होता.
दिशा काढून ठेवल्या, पेटी मात्र उघडली नाही.
सगळ्यांत खाली, जरा दाबून लिहिलेलं:
एकशे बारा.
पुढे नाव नाही.

झाकण जाळलं नाही.

एप्रिलात मी एकशे वीस फुटांवर,
कंबरेला पट्टा, तोंडात बोल्ट,
खाली व्हर्लिन टोपीएवढा.
त्याने चोवीस व्होल्ट सोडले.
आधी नुसती गुणगुण, पायातल्या नळीत जाणवणारी,
मग डोक्यावरची ती ॲल्युमिनियमची भली मोठी फणी
म्हातारी गाय मान वळवते तशी
सावकाश, कुणाचंही न ऐकता, वळली.

रात्री त्याने झाकण रेडिओशेजारी उभं केलं.
पंचवीसवर एक फिन्नी बाई सापडली,
तिच्याकडे अजून बर्फ होतं, आणि सर्दी.
तीनशे पंधरावर कुणीतरी घाईघाईने
आकडे सांगून निघून गेलं.
मग एकशे बारा.

एमेटच्या कोठारापासून ही रेषा कुठे जाते,
आम्ही पृथ्वीगोलावर दोरा धरून पाहिलं:
इलिनॉयमधली मक्याची शेतं, दोन-चार गावं,
डोंगर, आणि मग पाणी, पाणीच.
एखाद्या गावात कुणी असेल.
पाण्यावर कुणी गेलेलं असेल.
किंवा गणित चुकलं असेल त्याचं.

खरखर. नुसती खरखर.
व्हर्लिनने डायल हलवली नाही,
आवाज जरा कमी केला, इतकंच,
आणि गुडघा चोळत झोपायला गेला.

सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना
मी वर पाहिलं.
फणी अजून तिकडेच तोंड करून होती.